म्हाळसाचा रिपोर्ट

निमगाव केतकी, ता. इंदापूर
१२ नोव्हेंबर १९९४

ती. दादास,
नकोशीचा नमस्कार.

तू दवाखान्यात येऊन गेलास तवा मी गुंगीत होते. परवा घरी आले. टाके ओढत्यात, म्हणून उशीला टेकून लिहितीय.

अपेंडिक्स म्हणून पोट फाडलं. अपेंडिक्स चांगलं निघालं. आत नुसतं पाणी साठलेलं होतं म्हणं. डॉक्टर म्हणाला, "बाई, दुखण्यासारखं काही सापडलं नाही." हे नेमकं सासूबाईंनी ऐकलं. आता घरात मी सोंगाडी झाले. अंगणवाडीत पोरं सांभाळायला बळ हाय, घरात भाकरी थापायला पोटात दुखतंय, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत्यात.

दादा, पोट दुखलं की मी गडाबडा लोळते. सोंग करणारं माणूस भिताडावर डोकं आपटून घेत न्हाय. दोन दिवस झाले की आपोआप ऱ्हातं. गेल्या महिन्यात उजवा हात सुजला, ढोपरापर्यंत. खाज न्हाय, गांध न्हाय, ताप न्हाय. बोटं केळ्यावानी झाली. तिसऱ्या दिवशी हात जसा होता तसा. दवाखान्यातनं सुटायच्या आदल्या दिवशी वरचा ओठ सुजला. आरशात बघितलं आणि मला आबा दिसले.

तुला आठवतंय का? तू सातवीला होतास, शाळेसाठी लोणीतच चुलत्याकडं ऱ्हायचास. मी आणि आई मेंढरांबरोबर होतो. आबांनी मोरगावच्या बाजारात दाढ उपटून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा गाल सुजला, मग जीभ, मग आवाज गेला. गळा धरून ते लिंबाखाली बसले आणि तितंच गेले. देव कोपला म्हणाले लोक. म्हाळसा तवा आईच्या पोटात होती.

तू तितं बारामतीत लॅबमधी लोकांचं रक्त तपासतोस. माझं तपास. देवाचं असंल तर रक्तात दिसणार न्हाय. दिसलं तर सासूबाईंच्या तोंडावर मारायला एक कागद तरी मिळंल.

तुझी
नकोशी

*

बारामती
२६ फेब्रुवारी १९९५

चि. सौ. नकोशीस,
आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट आला. कागद सोबत पाठवतो आहे, पण त्यावरचे आकडे तिथे कुणाला कळणार नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझी सगळी हकीकत मी आमच्या लॅबच्या मॅडमना सांगितली तेव्हा त्या कपाटातून जाडजूड पुस्तक काढून बसल्या. मग मला विचारलं, "वडील कसे वारले?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बहिणीला बोलाव." तुझं रक्त काढून बर्फाच्या थर्मासमध्ये घालून मी स्वतः मुंबईच्या संस्थेत नेलं ते त्याचसाठी.

आपल्या रक्तात तीसेक प्रथिनांचा एक गट असतो. त्याला कॉम्प्लिमेंट म्हणतात. एरवी ती नुसती रक्तातून फिरत असतात. अंगात जंतू शिरला की पहिलं जागं होतं, ते दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटची मिळून जंतूच्या अंगाला भोक पाडतात. हे नसेल तर माणूस साध्या संसर्गानं मरेल. पण हे सुरू होतं तसं आवरायलाही कुणीतरी लागतं. पहिल्या प्रथिनाला आवरून धरणारं जे प्रथिन आहे, सी-वन इन्हिबिटर, ते तुझ्या रक्तात फार कमी आहे. त्यामुळे जंतू नसतानाही सगळं चालू होतं. त्याच आवरणाऱ्या प्रथिनाच्या ताब्यात आणखी एक गोष्ट असते, तिच्यावरचाही ताबा सुटतो आणि बारीक नसांतून पाणी बाहेर झिरपतं. हातात झिरपलं तर हात सुजतो, आतड्यात झिरपलं तर पोट. पोट फाडल्यावर जे पाणी दिसलं ते हेच. आणि या उगाच चाललेल्या कामात सी-फोर नावाचं प्रथिन खर्च होत राहतं. ते वीसच्या पुढं असावं लागतं. तुझं चार आहे.

म्हणजे तू सोंग करत नव्हतीस. आबांवर देव कोपला नव्हता. आबांना हेच होतं.

आता नीट वाच. घशात सूज आली तर जीव जातो. ॲलर्जीची इंजेक्शनं यावर चालत नाहीत. प्लाझ्मा द्यावं लागतं, म्हणजे रक्तातलं पिवळं पाणी, नाहीतर गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागते. आवाज घोगरा झाला की वाट न बघता मोठ्या दवाखान्यात जायचं. दात काढायचा नाही. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या कधीही घ्यायच्या नाहीत, त्यांनी हा आजार खवळतो. मॅडमच्या ओळखीच्या पुण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून डॅनाझोलच्या कॅप्सूल लिहून दिल्यात. त्या मी दर महिन्याला एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवीन. त्या चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत.

हे आईबापाकडून येतं. आबांच्या प्रत्येक लेकराला रुपयात आठ आणे शक्यता. म्हणून माझं आणि म्हाळसाचं रक्तही पाठवायचं आहे. तुझी प्रतिक्षा पाच वर्षांची होऊ दे, मग तिचं बघू.

तुझा
दादा

*

निमगाव केतकी
९ नोव्हेंबर १९९५

ती. दादास,
नमस्कार.

भाऊबीजेला तू आला न्हाईस, मनिऑर्डर आली. मला तू पायजे होतास.

कॅप्सूल चालू केल्यापासनं आठ महिने झाले. एकदाबी सूज न्हाय, पोट न्हाय. इतकी वर्षं हे औषध जगात होतं आणि मी भिताडाला डोकं आपटत होते, ह्याचा राग येतो. तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग.

पण त्यांना हेबी सांग की माझ्या ओठावर लव आलीय. हनुवटीवरबी. आवाज जाड झालाय, अंगणवाडीतली पोरं विचारत्यात बाईंना सर्दी झालीय का. चार महिने पाळी न्हाय. तुझे दाजी परवा जेवताना म्हणाले, "बायको केली व्हती का गडी?" सासूबाई हसल्या. मी ताट घेऊन चुलीपाशी जाऊन बसले.

त्यांना नातू पायजे. औषध चालू असताना मूल न्हाय, औषध बंद केलं तर मी न्हाय. असं तोंडावर सांगितलं तवापासनं घरात कुणी नीट बोलत न्हाय. तुझ्या दाजींना दुसरी करायची बोलणी चालल्यात, हे मला पानमळ्यात काम करणाऱ्या बायकांकडनं कळलं. करू देत. मी अंगणवाडी सोडणार न्हाय आणि प्रतिक्षाला सोडणार न्हाय.

आईचा निरोप आला की कोऱ्हाळ्याच्या आप्पासाहेबांकडनं साट्यालोट्याचं विचारलंय. त्यांचा मानसिंग म्हाळसाला, आणि त्यांची मनिषा तुला. पोरगा कारखान्यात चिकटलाय, ऊस हाय, विहीर हाय. चांगलं हाय. तू बत्तिसाचा झालास, आई रोज रडते. पण म्हाळसाचं रक्त आधी बघ. मला खरं काय ते कळव. पोरगी मी अंगाखांद्यावर वाढवलीय.

तुझी
नकोशी

*

बारामती
२० जानेवारी १९९६

चि. सौ. नकोशीस,
आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. लॅबमध्ये मशीन नवीन आलं, दोन महिने डोकं वर काढायला वेळ नव्हता.

दोघांचंही रक्त मुंबईला जाऊन आलं. माझं सी-फोर सव्वीस, इन्हिबिटर पुरेपूर. मला हा आजार नाही आणि माझ्या मुलाबाळांनाही होणार नाही. मॅडमनी पेढे मागितले. म्हाळसाची तू काळजी करू नकोस. पोरगी ठणठणीत आहे, एकोणीस वर्षांत तिला कधी साधी सूज आली नाही हे तुलाही माहीत आहे. डी.एड.च्या पहिल्या वर्षाच्या सहामाहीत कॉलेजात दुसरी आली.

कोऱ्हाळ्याचं ठरलं. दोन्ही लग्नं एकाच मांडवात, वैशाखात. आप्पासाहेब मोठे मोकळे गृहस्थ आहेत. मनिषाला मी पाहिली. शांत आहे.

एक सांगायचं आहे, रागावू नकोस. लग्नात येशील तेव्हा तुझ्या दुखण्याचं तिथं कुणाजवळ बोलू नकोस. आवाजाचं कुणी विचारलं तर घसा बसलाय म्हण. लोकांना अर्धं कळतं आणि अर्धं ते आपल्या मनाचं घालतात.

तुझा
दादा

*

निमगाव केतकी
२७ ऑगस्ट १९९६

ती. दादास आणि सौ. मनिषावहिनीस,
नमस्कार.

पंचमीला म्हाळसा माझ्याकडं चार दिवस ऱ्हाऊन गेली. मानसिंगराव स्वतः फटफटीवरनं सोडायला आले आणि न्यायला आले. दादा, असा जावई मिळायला नशीब लागतं. जेवताना तिला म्हणतात कसे, "तू बस, मी वाढून घेतो." आमच्या सासूबाई बघतच ऱ्हायल्या.

झोक्यावर बसून तिनं मला सगळं सांगितलं. डी.एड.चं दुसरं वर्ष पुरं करायचंय. मानसिंगराव व्हय म्हणत्यात, पण सासू पाळण्याचं बोलायला लागलीय. "अक्का, एक वर्ष फक्त. परीक्षा झाली की मग," म्हणली. मी म्हणलं, त्यात काय अवघड हाय? नर्सबाईंच्या पेटीतली माला-एनची पाकिटं माझ्याकडंच असत्यात, गावातल्या दहा जणींना मी देते. तिला सहा पाकिटं दिली. कशी घ्यायची ते कॅलेंडरवर खुणा करून दाखवलं.

देताना मनात आलं, मला ह्या गोळ्या इख हायत. आणि तिला चालत्यात. बरं वाटलं दादा. आबांच्या घरात एक तरी पोरगी बिनघोर निघाली.

वहिनीला बरोबर घेऊन एकदा या.

तुझी
नकोशी

*

बारामती
३ सप्टेंबर १९९६

चि. सौ. नकोशीस,

पत्र मिळालं. म्हाळसाच्या त्या गोळ्या ताबडतोब बंद करायला सांग. असल्या गोळ्या कोवळ्या वयात चांगल्या नाहीत, पुढे मूल राहायला त्रास होतो. आणि तिच्या सासूची इच्छा असेल तर पहिलं मूल लवकर झालेलं बरं. शिक्षण काय, नंतरही होतं. नव्या घरात पहिल्याच वर्षी असं चोरून काही करणं शोभत नाही. उद्या कळलं तर माझ्या सासरी मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

माझं ऐक. लगेच कळव तिला.

दादा

*

निमगाव केतकी
२१ सप्टेंबर १९९६

दादास,
नमस्कार.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. हे तूच लिहिलंस का वहिनीच्या आईनं सांगून लिहून घेतलं?

मूल राहायला त्रास होतो म्हणं. मी अंगणवाडीत सहा वर्षं काढली. ट्रेनिंगमधी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मला पाठ हाय. गोळ्या बंद केल्या की दिवस राहत्यात, कितीतरी जणींना राहिले. अडाणी बाई बोलंल तसं तू बोलायला लागलास. लग्न झालं आणि तूबी त्यांच्यातला झालास. पोरीनं शिकू नये, पाळणा हलवावा, सासूची इच्छा! माझ्या सासूनं जे माझ्याशी केलं ते तुला वाईट वाटत होतं ना? आता तू दुसऱ्याच्या सासूची वकिली करतोस.

म्हाळसाला मी निरोप धाडलाय की दादाचं ऐकू नकोस, गोळ्या चालू ठेव, मी हाय.

तिचंच उलटं पत्र आलं काल. मजेत हाय. मागच्या आठवड्यात डावा हात सुजला होता म्हणं दोन दिवस, गवत काढताना गांधीलमाशी चावली असंल, असं लिहिलंय. तू रिपोर्टचं सांगितलं नसतंस तर माझ्या काळजात धस्स झालं असतं. पण आता भ्यायचं कारण न्हाय.

नकोशी

*

निमगाव केतकी
२१ डिसेंबर १९९६

दादास,

म्हाळसाच्या तेराव्याला तू माझ्या समोर उभा राहिला न्हाईस. मी जिकडं गेले तिकडनं तू उठून गेलास. म्हणून लिहून विचारते.

मानसिंगरावांनी मला सगळं सांगितलं. त्या दिवशी सकाळी ती चहा प्याली आणि म्हणली, गिळायला जड जातंय. दहा वाजता आवाज बदलला. ओठ सुजले. गावातल्या डॉक्टरनं ॲलर्जी म्हणून इंजेक्शनं दिली, एक, दोन, तीन. त्याच्याकडं दुसरं काय व्हतं? त्याला कुणी काही सांगितलंच न्हवतं. इंजेक्शनं देऊन दीड तास बसवून ठेवली, उतार पडंल म्हणून. मग जीपमधी घातली. बारामतीच्या अलीकडं, भर दुपारी, उसाच्या ट्रॅक्टरांमागं जीप अडकलेली असताना ती गेली. मानसिंगराव म्हणाले, "अक्का, ती दोन्ही हातानं गळा धरून बसली होती."

हे मी आधी एकदा बघितलंय. मला दुसऱ्यांदा कुणी समजावून सांगायची गरज न्हाय.

तुझं जानेवारीचं पत्र पेटीतनं काढून आज वाचलं. "म्हाळसाची तू काळजी करू नकोस." तू स्वतःचे आकडे लिहिलेस, सव्वीस का काय ते. तिचा आकडा लिहिला न्हाईस. मी बघितलंच न्हाय. मी आनंदात होते.

म्हाळसाचा रिपोर्ट काय होता?

नकोशी

*

बारामती
२ जानेवारी १९९७

नकोशी,

तिचं सी-फोर पाच होतं.

हे एक वाक्य लिहायला मला दहा दिवस लागले. आता बाकीचं लिहितो.

पाकीट लॅबमध्ये माझ्याच हातात पडलं. मॅडमनी विचारलं, "घरी सांगितलंस ना?" मी हो म्हणालो. म्हाळसाला सांगितलं, चांगला आला. तुला काय लिहिलं ते तू वाचलंसच. खोटं लिहवलं नाही, म्हणून तसं लिहिलं.

मी तुझी दशा पाहिली होती. तुला आजार काय ते कळलं, औषध मिळालं आणि त्याच दिवसापासून तू त्या घरात कुणाची राहिली नाहीस. दाढीमिशा, आवाज, दुसरी बायको. म्हाळसाचं असंच होईल असं वाटलं. कोऱ्हाळेकरांना सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं, आणि एकदा मोडलं की दहा गावांत बातमी गेली असती. शिवाय काही माणसांच्या रक्तात हा दोष असूनही जन्मभर सूज येत नाही, हे पुस्तकात आहे. तिला एकोणीस वर्षांत आली नव्हती. मी त्यावर भरवसा ठेवला. आईला विचारूनच ठेवला. आई म्हणाली, एकदा पदरात पडू दे, मग सांगू.

तुझं गोळ्यांचं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहायला बसलो. खरं कारण लिहिलं असतं तर बाकीचं सगळं उघडं पडलं असतं. म्हणून खोटं कारण लिहिलं. ते तुला पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच.

हात सुजल्याचं वाचून मी दुसऱ्याच दिवशी कोऱ्हाळ्याला गेलो. म्हाळसा कॉलेजला गेली होती. आप्पासाहेब ओट्यावर होते. त्यांनी मला जावई म्हणून पाटावर बसवलं, मनिषाची चौकशी केली, चहा झाला, केळी झाली. मी दोन तास बसलो. सांगेन सांगेन करत होतो. मग एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठलो. ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. पण तुझ्याशिवाय हे सांगायला मला कुणी नाही.

दादा

*

निमगाव केतकी
१६ फेब्रुवारी १९९७

दादासाहेब,

तुझं पत्र घेऊन मी लोणीला गेले. आईला वाचून दाखवलं.

आई म्हणली, "मला त्यानं कवा विचारलं? मला म्हणला, पोरगी निर्मळ हाय. मी देवाला नारळ वाहिला." मग ती संध्याकाळपर्यंत दाराकडं बघत बसली. कबुली द्यायच्या पत्रातसुद्धा तुला मागं लपायला एक म्हातारी लागली.

आणि माझ्या दशेचं कारण पुढं करू नकोस. माझी दशा ना आजारानं झाली ना औषधानं. माझ्या ओठावर केस हायत, पण मी जित्ती हाय, दोन पायावर चालते, माझी पोरगी माझ्याजवळ हाय. म्हाळसाला तू असल्या दशेपासनं वाचवलंस, व्हय ना?

खरं कारण तुझ्या पत्रात कुठंच न्हाय, म्हणून मीच लिहिते. साटंलोटं होतं. म्हाळसाचं मोडलं असतं तर तुझंबी मोडलं असतं. तू बत्तीस वर्षांचा झाला होतास. एवढं एक वाक्य तुला लिहिता आलं न्हाय.

तितनं मी कोऱ्हाळ्याला गेले. आप्पासाहेब, त्यांची बायको, मानसिंगराव, सगळ्यांना एका जागी बसवलं. म्हणलं, गोळ्या मी दिल्या, माझ्या हातानं. रिपोर्ट माझ्या भावानं दाबला. आता मारायचं तर मारा. कुणी हललं न्हाय. सासू रडायला लागली. आप्पासाहेब उठून गोठ्याकडं निघून गेले.

मानसिंगराव मला फाट्यावर सोडायला आले. एस.टी. दिसली. मग म्हणाले, "अक्का, आधी सांगितलं असतं तर घरच्यांनी नको म्हणलं असतं. मी केलं असतं. तिला कॉलेजच्या स्टँडवर बघूनच मी आप्पांकडं हट्ट धरला होता." त्यांचं खरं का खोटं मला ठाऊक न्हाय. माणूस मेल्यावर असं बोलणं सोपं असतं. पण त्यांना विचारायचं तू त्यांच्या हातात ठेवलंच न्हाईस.

गोळ्या देणारा हात माझाच हाय. ते मी कुणावर ढकलत न्हाय. गावातल्या दहा जणींना अजून तीच पाकिटं वाटते, आणि आता दर एकीला विचारते, घरात कुणी सुजून मेलंय का. त्या माझ्याकडं येड्यावानी बघत्यात.

नकोशी

*

बारामती
३० मार्च १९९७

नकोशी,

आप्पासाहेब येऊन मनिषाला घेऊन गेले. ती स्वतःहून पिशवी भरून बसली होती. जाताना एवढंच म्हणाली, "माझ्या भावाच्या बायकोच्या मरणावर माझं कुंकू लागलंय." तिला चौथा महिना आहे.

तू लिहिलंस ते खरं आहे. साट्यालोट्याचं. मी ते स्वतःलाही कधी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मॅडमना सगळं कळलं. त्यांनी मला कामावरून काढलं नाही. फक्त आता कुठलंही पाकीट त्या माझ्या हातात देत नाहीत, स्वतः फोडतात.

तुझा शब्द कोऱ्हाळ्यात चालतो. मानसिंगराव तुला मानतात. एकदा जाऊन मनिषाला समजावशील का? होणाऱ्या लेकराला बाप हवा. त्या लेकराचं रक्त चांगलं असणार आहे.

आणि प्रतिक्षाला सहा पुरी झाली. तिला इकडे घेऊन ये. मी स्वतः रक्त घेऊन मुंबईला जातो.

दादा

*

निमगाव केतकी
१४ जून १९९७

दादासाहेब,

मनिषाला मी काही सांगायला जाणार न्हाय. तिला सगळं खरं ठाऊक हाय. ते ठाऊक असताना तिनं ठरवलंय. आपल्या घरात असं ठरवायला मिळालेली ती पहिलीच बाई.

प्रतिक्षाचं रक्त तुझ्याकडं आणलं न्हाय. तुझ्या हातात तिचं पाकीट पडू देणार न्हाय. मी अंगणवाडीची आठ दिवस रजा काढली, पुण्याच्या डॉक्टरांकडं गेले, त्यांनी तितनं पाठवलं. काल रिपोर्ट आला. मीच फोडला. सहा.

तुझे दाजी कागद बघून म्हणाले, "हे कुणाला सांगू नको. पोरीची जात हाय." मी त्यांच्यासमोर चप्पल घालून शाळेत गेले आणि तिच्या गुरुजींना सांगितलं. मग आरोग्य केंद्रात गेले, डॉक्टरला कागद दाखवला, त्याच्याकडनं वहीत लिहून घेतलं. येताना वाटंत ज्या ज्या बाईनं विचारलं तिला तिला सांगितलं. आता निमगावात सगळ्यांना ठाऊक हाय. दहा वर्षांनी कुणी तिला बघायला आलं तर त्यांना आधीच कळलेलं असंल. न आले तर न येवोत.

शेवटी तिला सांगितलं. मांडीवर घेऊन न्हाय, समोर बसवून. म्हणलं, तुझ्या रक्तात एक गोष्ट कमी हाय. हात सुजला तर भ्यायचं न्हाय, आवाज बदलला तर पळत यायचं आणि मोठ्यानं सांगायचं, मी नसले तर गुरुजींना. तुझ्या पणज्यालाही असंल, आज्याला होतं, मला हाय. तिनं विचारलं, मरतंय का माणूस? मी म्हणलं, ठाऊक नसलं तर मरतं. ती घाबरली. रडली. मग नाक पुसून म्हणली,

"म्हाळसामावशीला ठाऊक न्हवतं?"

"न्हवतं."

"आणि कुणाला ठाऊक होतं?"

"तुझ्या मामाला."

"मग त्यानं का सांगितलं न्हाय?"

ह्याचं उत्तर मी तिला दिलं न्हाय. मला येत न्हवतं असं न्हाय. ते माझ्या तोंडानं द्यायचं न्हाय म्हणून दिलं न्हाय. ती अजून लहान हाय. कळती झाली की तिला एकटीला एस.टी.त बसवून तुझ्याकडं धाडीन. तुझ्यापुढं उभी राहून ती हेच विचारंल, आणि तवा मागं लपायला आई नसंल.

तवर इकडं येऊ नकोस. पत्र लिहू नकोस.

पण जित्ता ऱ्हा.

नकोशी